काट्याच्या कुशीत

परवा संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर फिरायला गेलो होतो. करवंदाच्या एका जाळीतून जांभळाचं झाड वर आलेलं दिसलं, चांगलं पुरुषभर उंच. भोवतालचं गवत मात्र गुरांनी पार मुळापर्यंत खुरडलेलं. मन चार वर्षं मागं गेलं.

तेव्हा आमच्या महाविद्यालयानं याच माळावर वृक्षारोपण केलं होतं. ‘आधी जागा स्वच्छ करू’ म्हणून मीच मुलांना जाळ्या तोडायला लावल्या. शेरडं राखणारे एक आजोबा बघत उभे होते. म्हणाले, ‘‘सर, जाळ्या तोडलासा, आता राखणीला कोण बसणार ओ?’’ आम्ही हसलो. दिवाळीपर्यंत रोपांचे नुसते खुंट उरले!

आजोबांचं म्हणणं साधं होतं. करवंदाचे काटे दणकट, बरेचसे दुफाटी. गुरं तिथं तोंड घालायला कचरतात. पाखरं करवंदं खायला येतात आणि दुसरीकडं खाल्लेल्या फळांच्या बिया तिथं टाकतात. सावलीत ओल टिकते. रोप काट्याआड वाढतं आणि शेंडा गुरांच्या तोंडाबाहेर गेला की त्याची काळजी मिटते.

इंग्लंडातल्या ‘न्यू फॉरेस्ट’मध्येही हेच घडतं. मोकळी चरणारी घोडी-गुरं असूनही काटेरी झुडपांत ओकची रोपं तगतात. तिकडं काट्याला ओकची आई मानतात. फ्रान्स व्हेरा या डच अभ्यासकानं 2000 साली आलेल्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर भर दिला.

अर्थात काटा म्हणजे धर्मादाय नव्हे. पाणी आणि उजेड यांसाठी झुडूप रोपाशी भांडतंही. पुढं झाड मोठं झालं की त्याच्याच सावलीत झुडूप खंगतं. शिवाय प्रत्येक काटेरी झुडूप असं उपकारी नसतं. घाणेरी माजली की खालचं गवतसुद्धा गुदमरतं. आणि चाराच संपला, तर भुकेलं जनावर काट्यालाही भीत नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या पावसाळ्यात माळावर रोप लावायचं असेल, तर करवंदाची जाळी तोडू नका, तिच्या कडेला खड्डा काढा. यंदा आम्हीही तेच करणार आहोत. खड्डे कुठं घ्यायचे, हे मात्र त्या आजोबांना विचारून!