पाळणा लांबवणं म्हणजे देवाचा अपमान नव्हे

"ज्याने चोच दिली तो चाराही देईल," असं म्हणून विषय मिटवणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत. त्यांच्या श्रद्धेला मला बोट लावायचं नाही. पण या बोलण्यात बाळंतीण कुठे असते? अंगात रक्त नाही, कडेवरचं पोर अजून अंगावर पितंय आणि पुन्हा दिवस गेलेत, अशी बाई दारात उभी असते. माणसाचा जीव अमोल आहे असं मानत असाल, तर मोजणी तिच्या जिवापासून सुरू करा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि धर्माचं नाव घेणार असाल, तर धर्म नेमकं काय सांगतो ते आधी विचारून घ्या. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी एका पत्रात गर्भ रोखण्याच्या कृत्रिम साधनांना ठाम मनाई केली. पण रास्त कारण असेल तर पाळीचे दिवस पाहून मुलांत अंतर ठेवायला त्यांनी त्याच पत्रात मोकळीक दिली. म्हणजे तिथेही वाद साधनाचा आहे, अंतर ठेवणं हे पाप नाही. इस्लाममध्ये गर्भ राहू नये म्हणून बाहेर वीर्यपात करण्याची, म्हणजे 'अज्ल'ची, चर्चा फार जुनी आहे. नऊशे वर्षांपूर्वी इमाम गझालींनी बाळंतपणातला जिवाचा धोका आणि संसाराची ओढाताण ही कारणं मान्य केली होती. यात बायकोची संमती हवी, असंही अनेक फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांनी, म्हटलं आहे. हिंदूंच्या ग्रंथांत भ्रूणहत्येला महापाप म्हटलं आहे, पण गर्भ राहूच न देणं ही भ्रूणहत्या नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत करून सुनेला घाबरवू नका.

१९३५ साली संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी साधनांना नकार दिला आणि संयमाचा आग्रह धरला. गांधीजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगावंसं वाटतं, की संयम सुटतो तेव्हा बाळंतपण बाईच्याच वाट्याला येतं. र. धों. कर्व्यांनी हे ओळखलं होतं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. या कामापायी मिशनरी कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, पण ते मागे हटले नाहीत. १९३८ साली डॉ. आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडला. मूल नको असेल तर गर्भधारणा टाळण्याची मुभा बाईला असली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. तो ठराव पडला.

मात्र याच्या उलट टोकालाही जाऊ नका. आणीबाणीत माणसांना धरून नेऊन नसबंदी केली गेली, त्यातही माणसाच्या जिवाची किंमत राखली गेली नाही. मूल हवं की नको हे नवराबायकोने मिळून ठरवायचं. सरकार, सासू, मौलवी, फादर, महाराज यांचा सल्ला घ्या, पण निर्णय तुमचाच असू द्या.

आता कामाचं. "अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत" यावर विसंबू नका. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी परतली नसेल, तेवढ्यापुरतंच ते बऱ्याच अंशी खरं आहे. आशाताईंना विचारा. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी, तांबी, निरोध हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रांतून फुकट मिळतं. कुठलं कोणाला चालेल ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि पुरुषांनो, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो, मर्दानगी कमी होत नाही. फक्त नंतरचे तीन महिने निरोध वापरा आणि वीर्याची तपासणी करून घ्या. ती न करता दिवस गेले की संशय बायकोवर येतो, ती पाळी तिच्यावर आणू नका.