पावतीनंतरचे पत्र

१८३२ साली मुंबईच्या इंग्रज अंमलदारांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम उघडली आणि शहरात दंगल उसळली. संतापाचा तो भर ओसरल्यावर, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळाची स्थापना केली. भुलेश्वरची ही संस्था आजही उभी आहे. याचे सारे श्रेय दोन धनिकांच्या औदार्याला देणे मात्र अपुरे ठरेल. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने पट्टी बसवून घेतली होती. माल हलला की मुक्या जनावरांचा वाटा बाजूला पडे.

आजच्या छोट्या प्राणिसेवी संस्थांपाशी असा ठरलेला वाटा नसतो. गाडीखाली पाय चिरडलेल्या कुत्र्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की दोन दिवस पैशांचा ओघ लागतो, शस्त्रक्रियेचे भागते. पुढे त्या तीन पायांच्या जिवाला कदाचित दहा वर्षे सांभाळायचे असते. त्याचे अन्न, लसी, राखणदाराचा पगार यांची चौकशी कोण करतो? मग आणखी विदारक छायाचित्र छापले जाते. हळवी माणसे अशा आवाहनांना लवकर कंटाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

घरोघरी फिरण्याची सवय असलेल्या कार्यकर्त्याला हे सांगावे लागू नये. पण गेल्या वर्षी पाचशे रुपये देणाऱ्याकडे यंदा कोणी फिरकलेलेच नसते. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे दोन ओळींत कळवायला कितीसा खर्च येतो? ते दगावले असेल तर तेही कळवावे. लपवलेली वाईट बातमी पुढे कळली की विश्वास जातो, तो परत येत नाही.

करसवलतीच्या आमिषावरही विसंबू नये. २०२३-२४ पासून मूळ धरल्या जाणाऱ्या नव्या करप्रणालीत पगारदाराला अशा देणगीची वजावट मिळत नाही. मार्चअखेरीस केवळ तेवढ्यासाठी येणारा दाता गळणारच. उरेल तो दरमहा शंभर रुपये देणारा निवृत्त शिक्षक, किंवा मुलाच्या वाढदिवसाला चाऱ्याचे पैसे पाठवणारे कुटुंब. त्यांना रविवारी बोलवावे, जनावरांना पाणी पाजू द्यावे, औषधांची बिले समोर ठेवावीत. एखाद्याने खर्चाविषयी आडवा प्रश्न विचारला तर संस्थाचालकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. पुढल्या वर्षी त्यालाच हिशेब पाहायला बसवावे.