धाकटे रिंगण कोणासाठी?

कॅनडातील कॅलगरी नगरीच्या मध्यवस्तीत ‘स्कोशिया प्लेस’ या नावाचे एक भव्य क्रीडागृह बांधावयास २०२४ च्या जुलैमध्ये प्रारंभ झाला. २०२७ मध्ये ते खुले करण्याचा संकल्प आहे. बर्फावरील हॉकीसाठी सुमारे १८,४०० प्रेक्षकांचे मोठे रिंगण, आणि त्याला लागूनच हजार आसनांचे दुसरे, धाकटे रिंगण, अशी ही योजना आहे. मुंबईत बर्फ पडत नाही. तेव्हा या वृत्ताशी आपणांस काय कर्तव्य, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शहराच्या मध्यभागची महागडी भूमी आणि करदात्यांचा पैसा जेथे खर्ची पडतो, तेथे सोय अगोदर पाहणाऱ्यांची की खेळणाऱ्यांची, हा प्रश्न बर्फावाचूनही पडतोच.

या योजनेचा पूर्वेतिहास उद्‌बोधक आहे. तेथील जुने ‘सॅडलडोम’ १९८३ मधले. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकचे सामने त्यात झाले, आणि २०१३ च्या महापुरात त्याच्या खालच्या आसनांच्या रांगा पाण्याखाली गेल्या. २०१९ मध्ये शहर आणि ‘फ्लेम्स’ संघाची मालक कंपनी यांनी ५५ कोटी डॉलरांचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याचे ठरविले. पुढे खर्च वाढला, आणि पदपथ व सौरऊर्जेची साधने यांसारख्या बाबींच्या सुमारे एक कोटी डॉलरांवरून डिसेंबर २०२१ मध्ये करार मोडला. लग्नाचा सारा खर्च ठरल्यावर मानपानावरून वरात परत जावी, त्यातलाच हा प्रकार! २०२३ मध्ये नवा करार झाला, तेव्हा संपूर्ण योजनेचा आकडा १२२ कोटींवर गेला होता. त्यात शहराचे सुमारे ५३.७ कोटी आणि प्रांत सरकारचे ३३ कोटींपर्यंत. कंपनीचे आरंभी ४ कोटी व पुढे ३५ वर्षे दरसाल १.७ कोटी, हळूहळू वाढत जाणारे. रस्ते आणि परिसराची सुधारणा यांत धरली आहे, हे खरे. तरीही शहराचा वाटा आरंभी साडेसत्तावीस कोटींचाच होता, हे विसरता येत नाही.

धाकटे रिंगण या दुसऱ्या करारातच अवतरले. त्याचा निम्मा भार प्रांत सरकारने उचलला. श्रीमंत संघाच्या मालकांस सरकारी पैसा दिल्याचा आरोप टाळावयाचा, तर लोकांच्या मुलांसाठी काहीतरी दाखविता आले पाहिजे, हा हिशेब त्यामागे नसेल असे म्हणवत नाही. क्रीडागृहांवरील सरकारी खर्च शहराच्या उत्पन्नातून भरून येत नाही, असे या विषयाचा अभ्यास करणारे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. अशा वेळी ‘सार्वजनिक’ या विशेषणास धाकट्या रिंगणाचाच काय तो आधार उरतो.

आम्ही त्या रिंगणाच्या विरुद्ध नाही. मोठ्यापेक्षा ते धाकटेच आम्हांस अधिक मोलाचे वाटते. मात्र तेथे एक मेख आहे. मोठ्या गृहात गाण्यांचे जलसे भरतात, तेव्हा बर्फ झाकून वर जमीन अंथरावी लागते. मग व्यावसायिक संघाने सराव कोठे करावयाचा? अर्थात शेजारच्या धाकट्या रिंगणात. शेजारच्या एडमंटन शहरात २०१६ मध्ये याच धर्तीची जोड-रिंगणे उघडली, तेथेही धाकटे रिंगण संघाच्या सरावास उपयोगी पडते. संघ सकाळी सराव करतो, मुले संध्याकाळी येतात, तेव्हा दोघांचे सुखाने जमावे. न जमले तर काय? आठवड्याचे तास १६८ खरे. परंतु शाळकरी मुलांच्या उपयोगाचे म्हणजे पाच संध्याकाळी व शनिवार-रविवार, फार तर पन्नास. त्यातूनही दर तासाला बर्फ नव्याने गुळगुळीत करण्यात दहा-पंधरा मिनिटे जातात. हे पन्नास तास कोणाचे आणि शुल्क किती, हे करारात अक्षरशः लिहिलेले असावे. इमारतीची मालकी शहराची, परंतु ३५ वर्षे किल्ल्या कंपनीच्या हाती, अशी व्यवस्था असता नुसत्या सदिच्छेवर विसंबणे भोळेपणाचे ठरेल.

बांधून मोकळे होणे किती सोपे, हे आपल्याकडे डेहराडूनने दाखविले आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे बर्फाचे रिंगण उभारले. स्पर्धा संपल्या आणि ते वर्षानुवर्षे बंद पडून राहिले. पुन्हा खुले झाले ते २०२५ मध्ये. बर्फ राखण्यास वीज लागते, आणि विजेचे देयक उद्‌घाटनाच्या फितीबरोबर कापले जात नाही.

आणि मुंबई? ब्रेबर्न मैदान असताना, जागांच्या वाटपाच्या तंट्यातून १९७४-७५ मध्ये जेमतेम एका किलोमीटरवर वानखेडे उभे राहिले. दोन्ही मैदाने पाहणाऱ्यांची. खेळणारे होते आणि आहेत ते आझाद मैदानावर, ओव्हलवर, एकमेकांत मिसळलेल्या खेळपट्ट्यांवर. ती आपली धाकटी रिंगणे. फरक इतकाच, की ती कोणाच्या करारातून आपणांस मिळालेली नाहीत. यापुढे या शहरात सार्वजनिक भूमीवर क्रीडागृहाचा आराखडा महापालिकेपुढे येईल, तेव्हा सभागृहाने खुर्च्यांच्या संख्येबरोबर मुलांसाठी राखलेल्या तासांचा तक्ताही मागून घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत मंजुरी रोखून धरावी.