पायातली आघाडी

दर पावसाळ्यात माझा डावा घोटा एकदा तरी मुरगळायचाच. सिंहगड उतरताना, पीएमपीच्या पायरीवर, एकदा तर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, हातात चहा घेऊन! घरी आंबेहळदीचा लेप आणि आईचं ‘बघून चालत जा गं’ ठरलेलं. तीन डॉक्टरांनी ‘लिगामेंट’ म्हणून क्रेप बँडेज बांधलं. झालं, चला पुढे.

एकोणतिसाव्या वर्षी चौथ्या डॉक्टरांनी आधी चवड्यांवर उभं केलं. नुसताच सपाट तळवा असेल, तर असं उभं राहिल्यावर कमान दिसते, टाच आत वळते. माझी टाच ढिम्म. मग त्यांनी पायाचा तिरका एक्स-रे काढायला लावला. आधीचे सगळे समोरून नि बाजूने काढलेले, त्यात हे सहज निसटतं. तिरक्या फोटोत टाचेच्या हाडाचं टोक मुंगीखाऊच्या नाकासारखं लांब होऊन पुढच्या होडीसारख्या हाडाला भिडलं होतं.

याचं नाव टार्सल कोअलिशन. कोअलिशन म्हणजे आघाडीच, फक्त ही आपणहून फुटत नाही! जन्माआधीच दोन हाडं नीट सुटी झालेली नसतात. लहानपणी मधला सांधा कूर्चेचा, म्हणून चालून जातं. साधारण ८ ते १६ वर्षांच्या दरम्यान तो कडक होत जातो. मग खडबडीत वाटेवर पाय कलत नाही आणि सगळा धक्का घोटा खातो. कित्येकांना मात्र आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्यामुळे दिसलं की कापा, असं नाही.

सीटी स्कॅनमध्ये सांध्यांची झीज दिसली नाही. सहा आठवडे वॉकिंग बूट (हिंजवडीत ‘रोबोकॉप’ नाव पडलं), मग बुटात इनसोल. हिल्स बहिणीला देऊन टाकल्या, जरा रडून. एवढ्यानं भागलं नाही, तर जुळलेला भाग काढून तिथे चरबी किंवा स्नायू भरतात, पुन्हा जुळू नये म्हणून. सांधे झिजलेले असतील, तर तेच कायमचे जोडावे लागतात. मी सध्या इनसोलवर आहे. ट्रेक बंद नाही, उतरताना काठी असते.

हे घराण्यातही चालू शकतं. बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा. पी.टी.च्या तासाला पाय दुखतो म्हणतो, आणि घरात त्याला ‘नाटकी’ म्हणतात. रविवारी त्याला चवड्यांवर उभं केलं. सोमवारी हाफ डे टाकलाय.