कफ सिरपच्या बाटलीवर औषधाचे नाव ठळक हवे

विषारी कफ सिरपामुळे छिंदवाड्यात झालेल्या बालमृत्यूंनंतर आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. ते योग्यच झाले. पण विषारी सिरपइतकेच निर्दोष सिरप चुकीच्या रुग्णाला जाण्याचेही भय आहे, आणि त्याबाबत यंत्रणा गप्प आहे. ब्रोमहेक्सीन, अँब्रॉक्सॉल कफ पातळ करतात. तो बाहेर पडायला खोकला लागतोच. डेक्स्ट्रोमेथॉर्फन नेमका तोच दाबते. केंद्राने २ जून २०२३ रोजी बंदी घातलेल्या १४ मिश्रणांत कफ पातळ करणारे आणि खोकला दाबणारे औषध एकत्र आणणारी मिश्रणेही होती. मात्र बाटलीत थांबलेला घोळ काउंटरवर सुरूच आहे. एकाच ब्रँडची ओल्या खोकल्याची बाटली ‘एलएस’, कोरड्याची ‘डी’. नावात फरक फक्त इंग्रजी अक्षराचा. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीत चुलीच्या धुराने छाती भरलेल्या आजीसाठी नातू नुसते ब्रँडचे नाव सांगून बाटली मागतो, तेव्हा कफ पातळ व्हायचा की छातीतच अडकायचा, हे त्या अक्षरावर ठरते.

औषधाचे मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट मोठे छापावे, हा नियम २०१८ पासून लागू आहे. पण तीन किंवा अधिक घटकांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे. कफाची अनेक सिरपे याच वर्गात मोडतात! जिथे नाव वाचण्याची सर्वाधिक गरज, तिथेच ते बारीक. लेबलवर जागा नाही, असे कंपन्या म्हणतील. ब्रँडच्या नावाला जागा सापडते, तर ‘ओला खोकला’ किंवा ‘कोरडा खोकला’ या दोन मराठी शब्दांनाही सापडेल. रुग्ण लेबल वाचत नाही, हा युक्तिवादही टिकत नाही. गर्दीच्या वेळी फार्मासिस्टला ते एका नजरेत वाचता यायला हवे. रुग्णाला बाटलीच हवी असते, असे काही डॉक्टर सांगतात. मग एकघटकी द्या. सीओपीडीत वारंवार प्रकोप होणाऱ्यांसाठी अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या ६०० मिलिग्रॅमच्या गोळीला तरी अभ्यासाचा आधार आहे. तीन-चार घटकांच्या सिरपाला तेवढाही नाही.

व्यवसायबंधूंनो, नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. डॉक्टरांनी चिठ्ठीवर घटकांची नावे लिहावीत. केमिस्टांनी शेवटचे अक्षर जुळल्याशिवाय बाटली देऊ नये, दोन्ही प्रकार वेगळ्या फळ्यांवर ठेवावेत आणि बाटलीवर ‘ओला’ किंवा ‘कोरडा’ असे पेनाने लिहावे. शहादा तालुक्यातील प्रत्येक डॉक्टर-केमिस्टाने मिश्रणांना दिलेली ही सूट रद्द करण्याची लेखी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे याच महिन्यात पाठवावी.