पिस्तुलाला लेझर लावण्याआधी

पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. विशेषतः आपल्या पनवेल तालुक्यातल्या परवानाधारकांनी.

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, पिस्तुलाला लेझर लावून घेऊ का?" तिघांकडेही परवाना आहे. तिघांनीही रील बघितलंय, भिंतीवर लाल ठिपका, मागे गाणं, समोरचा माणूस हात वर करतो. आपल्याकडे हे नवीन नाही. जमिनीचे पैसे आले, बंगला झाला, मोठी गाडी झाली, मग कमरेला पिस्तूल. आता पिस्तुलाला लेझर.

माझं मत स्पष्ट सांगतो, लावू नका. कारण "बंदूक वाईट" वगैरे नाही. कारण हे की ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते, तिच्यावर हा उपायच नाही.

लेझर म्हणजे काय, तर नळीच्या खाली बसवलेली एक छोटी टॉर्च. ती नळीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली असते, म्हणून तिची रेघ गोळीच्या वाटेला एका ठराविक अंतरावरच छेदते. 10 मीटरवर जुळवली असेल तर जवळ गोळी ठिपक्याच्या वर लागणार, लांब गेलात तर खाली. हा फरक तसा किरकोळ आहे. खरी गंमत पुढे. मनगट एका अंशाने हललं की 10 मीटरवर नेम 17 सेंटिमीटर सरकतो. घाबरलेल्या माणसाचा हात एका अंशावर थांबत नाही, आणि चाप ओढताना तर तो झटकाच देतो. लेझर ते थांबवत नाही, फक्त थरथरणारा ठिपका दाखवतो. मग माणूस समोरच्याकडे बघायचं सोडून ठिपका शोधत बसतो. भर उन्हात लाल ठिपका थोड्याच अंतरावर दिसेनासा होतो. हिरवा जास्त दिसतो, कारण आपला डोळा हिरव्या-पिवळ्या रंगाला जास्त जागा असतो. आणि अंधारात धूळ-धूर असेल तर ती रेघ तुम्ही कुठे उभे आहात तेही समोरच्याला सांगते.

उपयोग अगदीच नाही असं म्हणणार नाही. ढालीमागून गोळी झाडणाऱ्या पोलिसाला माशी डोळ्यासमोर धरता येत नाही, त्याला होतो. रिकाम्या पिस्तुलावर सराव करताना हात कुठे हलतो ते कळायलाही होतो. पण लग्नाच्या मांडवात मिरवणाऱ्याला काय उपयोग?

नेम म्हणजे काय हे बघायचं असेल तर लांब जायला नको. आपल्या पनवेलमध्ये कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताई रायफलवाल्या, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या. पिस्तुलाचं सांगायचं तर 10 मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ असतं 11.5 मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, साध्या उघड्या माशीने, लेझर आणि दुर्बीण दोन्हींना बंदी. त्याच नियमांत मनू भाकरने 2024 ला पॅरिसमध्ये पदक घेतलं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटरमध्ये सुवर्ण घेतलं, तेही साध्या माशीवरच. (मॉडर्न पेंटाथलॉनमध्ये लेझर पिस्तूल वापरतात, पण तिथे गोळीच नसते!)

आता महाराष्ट्रात काय घडतंय ते बघा. 8 फेब्रुवारी 2024, दहिसर. अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाने मारलं. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं, असं तपासात पुढे आलं. त्याच्या सहा दिवस आधी उल्हासनगरला थेट पोलीस ठाण्यात गोळीबार, आरोप आमदारावर. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, कपाटात ठेवताना. नोव्हेंबर 2022 ला अंबरनाथजवळ बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळ्या चालल्या, त्यात आपल्या तालुक्याचं नाव आलं, आठवतंय ना? यातल्या कुठल्या घटनेत नेम चुकणं ही अडचण होती? अडचण होती शस्त्र कुणाच्या हातात गेलं, कसं ठेवलं होतं आणि डोकं किती गरम होतं.

"शिरढोण क्रांतिवीरांचं गाव, शस्त्र आपल्या रक्तात आहे" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वासुदेव बळवंत फडके 1845 ला इथे जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. 1878 ला लिटनने शस्त्रकायदा आणला, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्यांना सूट. पुढच्याच वर्षी फडक्यांनी रामोशी बांधवांना घेऊन बंड केलं. एडनच्या तुरुंगात 1883 ला गेले. त्यांच्या नावावर कमरेचं पिस्तूल मिरवू नये, एवढं तरी आपण पाळावं.

अजून एक, आपल्या डोक्यावरून आता विमानं जातात. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. गच्चीवर "रेंज चेक" म्हणून आकाशात मारलेला हिरवा लेझर उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे दिपवू शकतो. ही पोरांची गंमत नाही.

परवाना देताना प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवायची सोय हवी, हे 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. आनंदाच्या भरात गोळीबार केला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियम आहेत, विचारणारं कुणी नाही. माझं पोलीस आयुक्तालयाला म्हणणं एवढंच, नूतनीकरणाच्या वेळी नुसते कागद बघू नका. परवानाधारकाला रेंजवर उभा करा, दहा गोळ्या झाडायला लावा, पिस्तूल रिकामं कसं करतो ते बघा. घरातली लोखंडी पेटी भिंतीला पक्की आहे का, किल्ली कुणाकडे असते, हे हवालदाराने जाऊन बघावं. जमत नसेल त्याचं शस्त्र जमा करून घ्या, निवडणुकीत घेता तसंच.

आणि ज्या तिघांनी मला विचारलं त्यांना, लेझरच्या पैशात एक चांगली कुलुपाची पेटी येईल. दुकानाचा पत्ता हवा असेल तर इनबॉक्समध्ये या.