द्वेषाचे वचन आणि प्रीतीचा क्रम

शत्रूवरही प्रीती करायला सांगणारा येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो की, आईबाप, बायकोमुले, भावंडे आणि स्वतःचा जीव यांचा द्वेष केल्याशिवाय कोणी माझा शिष्य होऊ शकत नाही. शत्रूला प्रेम आणि आईला द्वेष, हा कुठला प्रीतीचा धर्म, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप पोरकट नाही. वचन तिथे आहे आणि ते बोचते.

पण आक्षेपक एक वचन उचलतात आणि अध्याय मिटतात. पुढच्याच वचनांत बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणारा माणूस आणि लढाईआधी बळ अजमावणारा राजा येतो. विषय किमतीचा आहे, तिरस्काराचा नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात हीच शिकवण तुलनेच्या रूपात येते: आईबापांवर येशूपेक्षा अधिक प्रीती नको. शिवाय द्वेषाच्या यादीत स्वतःचा जीवही आहे. त्यावरून आत्महत्येची आज्ञा कोणी काढत नाही. मग आईपुरताच शब्दशः अर्थ का?

बोलणाऱ्याचे वागणेही पाहावे. देवाला वाहिले म्हणत आईबापांना पोसण्याचे टाळण्याची पळवाट मार्कच्या सातव्या अध्यायात येशू उघडी पाडतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर क्रुसावरून तो आईला शिष्याच्या हाती सोपवतो.

मात्र हे वचन गोड करून पचवणारे भाविकही चुकतात. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. ते हाल लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेत. निष्ठेची किंमत पुष्कळदा घरच्यांनाच मोजावी लागते. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे आहे.

तरीही या वचनाची गरज आहे, कारण प्रीतीला क्रम लागतो. आपल्या माणसांवरची माया सर्वांत वर बसली की घराण्याच्या अब्रूसाठी मुलीचा गळा घोटला जातो आणि भावाच्या गुन्ह्यावर पांघरूण पडते. घरापेक्षा मोठी निष्ठा असलेला माणूसच अशा वेळी घरात ‘नाही’ म्हणू शकतो. या निष्ठेच्या नावाखाली कोणी निष्ठुर होऊ नये, म्हणून योहानाचे पहिले पत्र कसोटीही देते: समोरच्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावरच्या प्रीतीचा दावा करणारा लबाड आहे.

म्हणून लूकच्या वचनाचा आधार घेऊन जो आईबापांना वाऱ्यावर सोडतो, त्याला ते वचन शिष्य ठरवत नाही. योहानाचे पत्र मात्र त्याला खोटा ठरवते.